शालिक सिरसाटचा गळा

शालिकराम सिरसाट मूळचा पातूरचा. अकोल्यात आयटीआयला वायरमनचा मास्तर होता, पण लोक त्याला ओळखायचे इंग्रजी गाण्यांमुळे. कॉलेजात असताना कुणा ब्रिटिश ब्लूज गायकाची कॅसेट त्याच्या हाती लागली. कव्हर हरवलेलं, त्यामुळे गायकाचं नाव त्याला कधीच कळलं नाही. तो गायक गाता गाता मधेच माउथ ऑर्गन, आमच्याकडचा बाजा, वाजवायचा. ऐकून ऐकून शालिकनं दोन्ही उचललं.

आमच्या ऑर्केस्ट्रात तो गायचा, मी ड्रमवर. लग्न असो की चौदा एप्रिल, शेवटी लोक ओरडायचेच, "शालिकभाऊ, एक इंग्लिस होऊन जाऊ द्या!" शब्द कोणालाच कळत नसत, तरी मंडप गप्प व्हायचा. तीस वर्षं हे चाललं.

गेल्या वर्षी त्याचा आवाज बसला, तो सुटेचना. त्याला आणि त्याच्या बायकोला, कौशल्यावहिनीला, घेऊन मी अमरावतीला गेलो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "कॅन्सर आहे. स्वरयंत्र काढावं लागेल."

कौशल्यावहिनीनं पदर तोंडात कोंबला. शालिक मात्र घोगऱ्या आवाजात म्हणाला, "गानं गेलं तं गेलं. बाजा हाये ना मायाजवळ."

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. "तुमचा श्वास यापुढे तोंडातून येणार नाही. गळ्याला भोक राहील, तिथून येईल. बाजा फुंकता येणार नाही."

"म्हंजे... दोन्ही?"

परतताना मूर्तिजापूरला आम्ही चहाला थांबलो. कपाकडे पाहत तो मला म्हणाला, "गजू, आता मले चहावर फुंकर बी नाई मारता येनार बे."

ऑपरेशन झालं. चार महिन्यांनी एका दुपारी मी त्याच्या दारात पोचलो. आतून बाजा वाजत होता. वहिनी भिंतीला टेकून उभी होती. शालिकनं एक लहान नरसाळं गळ्याच्या भोकावर दाबून धरलं होतं. त्याला जोडलेली रबरी नळी थेट तोंडात, आणि ओठांवर बाजा.

"काय करून राहिला बे! मरशीन ना!" मी ओरडलो.

त्यानं मोबाइलवर टाइप केलं : हवा इकडून तिकडं नेली. वायरिंगच हाये.

तपासणीच्या वेळी त्यानं तेच डॉक्टरांसमोर केलं. डॉक्टर खुर्चीतून उठलेच. आधी जंतूंवरून चांगलं खडसावलं, मग स्वच्छ होणारी नळी मागवून दिली.

यंदा तो मंडपात दोन मिनिटं वाजवू शकला. टाळ्या वाजवायचंही कोणाला सुचलं नाही. कौशल्यावहिनीला मात्र ते अजून पाहवत नाही. तो नळी लावायला बसला की ती बाहेर ओट्यावर जाऊन बसते.