थोरल्या वहिनींचं विरजण

रंगमंच सुटला तेव्हा माझ्याकडे दोन ट्रंका आणि एक कुरकुरणारा गुडघा एवढीच मिळकत होती. थोरल्या वहिनींनी मला मागची खोली दिली आणि दुसऱ्या सकाळी हातात टोपली. "चला राणीसरकार, अळिंबी काढायला. मुजरा कुणी करणार नाही, पण गारवा छान आहे!" जन्मभर राण्यांची कामं केली, उतारवयात बटण अळिंबीची दासी झाले, आणि सुखी झाले.

घराशेजारच्या खोल्यांत मांडण्या, मांडण्यांवर कुजवलेल्या गव्हाच्या काडाचे वाफे. बी पेरलं की त्यात पांढरे तंतू पसरतात, मग वर वाफवलेल्या मातीचा थर द्यायचा. वहिनींची एक रीत होती. थर देताना जुन्या, भरघोस वाफ्यावरची ओंजळभर माती त्यात मिसळायची. "विरजणाशिवाय दही लागतं का?" त्यांची धाकटी जाऊ नाक मुरडायची, पण अळिंबी खरोखरच लवकर यायची. मग बोलणार काय?

गेल्या हंगामात मधल्या खोलीत कुबट वास सुटला. जागोजागी तंतू नाहीसे, काड काळं, चिकट, बसकं. टॉर्च मारला तर मातीवर काहीतरी चमकत डुलत होतं. बी विकणारे दादा भिंग घेऊन आले.

"सूत्रकृमी," ते म्हणाले. "धाग्यासारखे किडे. तंतूंमधला रस शोषतात. एकेकटे दिसत नाहीत, झुंडीनं उभे राहिले की असे चमकतात. मातीत बाहेरचं काही मिसळलंत का?"

वहिनींनी स्वतःच्या ओंजळीकडे पाहिलं. धाकटीनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता भांडणाचा प्रवेश! पण ती म्हणाली, "माश्यांनी आणले असतील, दादा."

"माश्यांना कशाला बोल लावतेस?" वहिनी म्हणाल्या. "माझ्या ओंजळीतून आले. पलीकडच्या खोलीत थर दिला नाहीस ना?"

"नाही ताई. उद्या द्यायचा होता."

आता पलीकडची खोली वाचली तरच हंगाम वाचणार होता. दादांनी बजावलं, मधल्या खोलीतलं सगळं दार बंद करून आतच वाफवा. तसंच बाहेर काढलंत तर किडे सगळीकडे पसरतील. पण तिथले निम्मे वाफे अजून अळिंबी देत होते.

"ताई, चांगले तेवढे ठेवूया?"

"चांगले दिसतात, बाई. मीही चांगलं बघूनच ओंजळ घेतली होती."

आणि त्यांनी स्वतः वाफेचा नळ उघडला. दारावर हात ठेवून उभ्या राहिल्या, एखाद्याला निरोप द्यावा तशा.

मी नाटकात पुष्कळ त्याग पाहिले, सगळे टाळ्यांसाठी. हा पाहायला धाकटी आणि मी, दोघीच होतो. देवाचे आभार मानते, की मी होते.

पलीकडच्या खोलीत धाकटीनं नुसत्या वाफवलेल्या मातीचा थर दिला. अवजारं उकळली, दाराशी वेगळ्या चपला ठेवल्या. अळिंबी येईना. वहिनींचे हात शिवशिवायचे. दारापर्यंत जायच्या आणि परतायच्या. "उशीर होतोय गं." "होऊ दे."

एके सकाळी धाकटी आतून ओरडली, "ताई, आली! मांडणीभर आली!"

वहिनी पदर सावरत धावल्या. धाकटीनं उंबऱ्यातच हात आडवा धरला.

"आधी चपला बदला."

थोरल्या वहिनी, साऱ्या घराला धाकात ठेवणाऱ्या, मुकाट्यानं खाली बसल्या आणि हसत हसत, डोळे पुसत चपला बदलू लागल्या.