सुगंधाबाईंच्या रेकॉर्डमधला दुसरा आवाज

सुगंधाबाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "बाई, यातून माहा माणूस कुठी गेला?"

मी प्लेअर बंद केला. तबकडीवर कोरं पांढरं लेबल होतं. याला टेस्ट प्रेसिंग म्हणतात. लाँगप्ले रेकॉर्ड छापायला घेण्याआधी कारखाना मोजक्या तबकड्या काढून पाठवतो. त्या ऐकून चूक सांगायची, म्हणजे पुढचा लॉट सुधारतो. मला चूक आधीच कळली होती. तरी सुगंधाबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकावं म्हणून मी त्यांना सावलीजवळच्या गावाहून चंद्रपूरला बोलावून घेतलं होतं.

ईरा, कबीर, तुम्ही मागच्या महिन्यात फोटो पाठवलात. मेलबर्नच्या कुठल्याशा दुकानात हीच रेकॉर्ड भिंतीवर लावलेली, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात माझं नाव. "आजी, तू फेमस आहेस आणि सांगितलं नाहीस," असं लिहिलंत. फेमस नाही. माझं नाव तिथे कसं आलं आणि दुसरं एक नाव का आलं नाही, ते सांगते.

मी रेडिओत इंजिनिअर होते, हे तुम्हाला माहीत आहे. निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीत जुन्या टेप दुरुस्त करायचं काम सुरू केलं. फितीवरची बुरशी पुसायची, तुटलेली फीत जोडायची, मशीनचं हेड त्या फितीला जुळेल असं बसवायचं आणि एकदाच, सावकाश वाजवून कॉम्प्युटरवर घ्यायची. एकदाच अशासाठी, की काही फिती दुसऱ्यांदा वाजत नाहीत. या कामाला ट्रान्सफर म्हणतात.

सुगंधाबाई झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या, नाटकांत गात. वडशाकडच्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतर गावोगाव फिरतात. नाटक रात्रभर चालतं, आणि दोन अंकांमध्ये लोकांना जागं ठेवायला गाणं लागतं. बाकीच्या बायका लावणी म्हणत. सुगंधाबाई काय म्हणत, ते सांगणं कठीण आहे. एखादा साधा शब्द घेऊन त्या तो फोडत. त्यातलं एखादं अक्षर लांबवून त्याचा घोगरा श्वास करत, मग धान पाखडल्यासारखा आवाज, मग हसू, मग वाघ दिसल्यावर वानरं करतात तसलं भुंकणं. सूर लागायचा आणि त्या तो मुद्दाम सोडायच्या. काही गावांत लोक उभे राहून टाळ्या वाजवत, काही गावांत मातीची ढेकळं येत. त्यांची एकच कॅसेट निघाली आणि विकली गेली नाही. पुढे ती पुण्याच्या काही विद्यार्थ्यांच्या हाती लागली. त्यांनी कॉपी काढल्या, त्या कॉपीच्या कॉपी परदेशी गेल्या. ज्या बाईला नागपुरात कोणी ओळखत नव्हतं, तिच्यावर बर्लिनमध्ये लेख आले. मग मुंबईच्या एका लेबलनं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीनं, ती कॅसेट रेकॉर्डच्या रूपात पुन्हा काढली आणि तिच्या सगळ्या प्रती संपल्यासुद्धा.

साहजिकच त्यांना आणखी हवं होतं. नाटक मंडळीच्या मालकाला रेकॉर्डिंग मशीनची हौस होती आणि त्यानं प्रयोग स्पूलवर, म्हणजे मोठ्या उघड्या रिळांवर, टेप करून ठेवले होते. मालक गेल्यावर ते खोके वडशाच्या एका राइस मिलच्या गोदामात कोंड्यात पडून होते. लेबलचा प्रोड्यूसर नीरज ते घेऊन माझ्याकडे आला. मुलगा हुशार, नम्र, सारखा "मॅम, मॅम" म्हणणारा. मला तो आवडला होता, हेही लिहून ठेवते.

आता झाडीपट्टीची एक रीत समजून घ्या, कारण सगळं तिथेच अडलं. या मंडळ्यांना तालमीला वेळ नसतो. आज एक नाटक, उद्या दुसरं. म्हणून स्टेजच्या पुढच्या कडेला मधोमध एक खड्डा असतो. त्यात प्रॉम्प्टर बसतो, त्याचं फक्त डोकं वर. तो प्रत्येक वाक्य आधी म्हणतो आणि नट ते उचलतात. माइक वरून तारांना टांगलेले असतात, त्यामुळे प्रॉम्प्टरचा आवाजही थोडा लाउडस्पीकरवर येतो. आपल्याकडच्या प्रेक्षकाला त्याचं काही वाटत नाही. तो आवाज असतो आणि नसतोही.

सुगंधाबाईंचे यजमान तुळशीरामभाऊ हे प्रॉम्प्टर होते. गाण्याच्या वेळी खरं तर त्यांनी बिडी ओढायला जायचं. ते जात नसत. सुगंधाबाई उभ्या राहिल्या की ते खड्ड्यातून एक शब्द फेकत. कधी शेताचं नाव, कधी शेजारणीचं, कधी घरातलं भांडण. बाईंना तो शब्द तिथल्या तिथे फोडावा लागे. जमला की पुढचा, आणखी अवघड. काहीच ठरवलेलं नसे. पुढच्या रांगेतले लोक त्या शब्दाची वाट बघत आणि पैजा लावत. पुण्याच्या मुलांच्या हाती लागलेल्या कॅसेटवर हे नव्हतं, कारण ती स्टुडिओत झाली होती आणि स्टुडिओवाल्यानं तुळशीरामभाऊंना बाहेर बसवलं होतं.

पहिली टेप वाजली तेव्हा सुगंधाबाई इथेच माझ्या शेजारी होत्या. खरखर, पेटी, लोकांचा गलका. मग खालून, जमिनीतून आल्यासारखा, एक पुरुषी आवाज. "सुगंधे, भात करपला."

बाईंचा हात तोंडावर गेला. आणि टेपमधल्या बाईनं त्या 'करपला'चं असं काही केलं, की माझ्या अंगावर काटा आला. मी इंजिनिअर आहे, मला सहसा काटा येत नाही.

तुळशीरामभाऊ जाऊन तेव्हा खूप वर्षं झाली होती. घरात त्यांचा एक फोटो होता, तोही कुणाच्या तरी लग्नातला, अर्धा. आवाज कुठेच नव्हता. त्या दिवशी बाईंनी ती टेप पुन्हा मागितली. मी कॉम्प्युटरवरची कॉपी लावली. त्या पदराआड हसत होत्या आणि त्याला शिव्या देत होत्या. "पाह्यलं बाई? कसा कोड्यात टाकून राह्यला मले. मुद्दाम. घरी भांडण झालं होतं त्या दिवशी."

नीरज त्यांच्या गावी गेला तेव्हा मीही सोबत होते. विहाराच्या ओट्यावर आम्ही बसलो. बाईंनी एकच अट घातली. टेप छापा, पैशाचं तुम्ही ठरवाल ते, पण त्याचा आवाज राहिला पाहिजे आणि त्याचं नाव पाहिजे. नीरज म्हणाला, अर्थातच. चहा प्यायला. कागदावर सही झाली. कागद इंग्रजीत होता आणि मी तो तिथेच वाचून दाखवला. अट त्यात नव्हती. मी तसं म्हटलं. नीरज म्हणाला, हे तर आपलं बोलणंच झालंय, मॅम. बाई म्हणाल्या, "सही करतो मी. पोरगं चांगलं हाये."

ट्रान्सफर पूर्ण झाल्यावर मी मास्टरिंगवाल्यांसाठी टिपण पाठवलं. मास्टरिंग म्हणजे छापण्याआधीची शेवटची सफाई. ते परदेशात होणार होतं. मी स्पष्ट लिहिलं: गाण्यांच्या मधे, खालच्या पातळीवर जो पुरुषी आवाज आहे तो दुसरा कलावंत आहे, त्याला हात लावू नये. नाव, नातं, काम, सगळं लिहिलं.

आणि मग ही पांढऱ्या लेबलची तबकडी आली. आवाज काचेसारखा स्वच्छ. सुगंधाबाई गात होत्या, थांबत होत्या, पुन्हा गात होत्या. थांबत होत्या तिथे काहीच नव्हतं.

मी बाईंच्या देखत नीरजला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"मॅम, ते लीकेज होतं," तो म्हणाला. लीकेज म्हणजे नको त्या माइकमध्ये शिरलेला आवाज. "नव्या सॉफ्टवेअरनं किती सुंदर निघालंय बघा. तुम्हीच म्हणाला होतात ना, टेप स्वच्छ करून घेऊ."

"मी बुरशीबद्दल म्हटलं होतं. तुळशीरामभाऊंना बुरशी म्हटलं नव्हतं."

मग तो खरं ते बोलला. जगभरचे लोक यांना एकटीचा आवाज म्हणून ओळखतात. एकटी बाई, जंगल, आणि तिचं स्वतःचं संगीत. आता खड्ड्यातून नवरा सांगतोय आणि ही गातेय असं ऐकू आलं, तर लोक म्हणतील, हिला नवराच चालवत होता. यात त्यांचंच नुकसान आहे.

मी बाईंकडे पाहिलं. आता बोलायचं ते त्यांनीच.

"भाऊ," त्या फोनकडे वाकून म्हणाल्या, "त्याले गाता येत नव्हतं. तो कायले शिकवन मले? तो समोरचा गडी होता. कबड्डी एकट्यानं खेळते काय कोणी?"

नीरज म्हणाला, भावना समजतात. आभाराच्या यादीत नाव टाकू. बाईंनी विचारलं, आवाज? तो म्हणाला, आता छपाईची तारीख धरली आहे.

मी कागद काढून पुन्हा वाचला. त्यात कलावंताचा 'सल्ला घेतला जाईल' असं होतं. मंजुरी लागेल असं नव्हतं. एका वकिलांना दाखवला, त्यांनीही नकारार्थी मान हलवली. मी लांबलचक ईमेल लिहिले, एक इंग्रजीत आणि एक आणखी कडक इंग्रजीत. दोन्हींना गोड उत्तरं आली. रेकॉर्ड ठरल्या दिवशी बाहेर पडली. आभाराच्या यादीत माझं नाव होतं. तुळशीरामभाऊंचं जागेअभावी राहिलं म्हणे.

परीक्षणं फार चांगली आली. मी बाईंना ती मराठीत करून वाचून दाखवत असे, कारण त्यांनीच मागितली. बहुतेकांना गाण्यापेक्षा मधल्या शांतता आवडल्या होत्या. एकानं लिहिलं होतं की या गायिकेनं गडचिरोलीच्या अरण्यातलं मौन संगीतात आणलं आहे, ती थांबते तेव्हा अरण्य ऐकत असते.

बाई म्हणाल्या, "हा कधी आला होता जंगलात? जंगल चूप राहते काय?" मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी बावळट वाटत असन त्यात. नुसती उभी. कोणाची वाट पाहून राह्यली, कोणाले समजत नसन."

त्यानंतर त्यांनी परीक्षणं मागितली नाहीत.

करारात असंही होतं की ट्रान्सफरची प्रत मी ठेवायची नाही. मी नियम पाळणारी बाई आहे, तुमच्या आईला विचारा. तो नियम मी मोडला, एक प्रत ठेवली आणि सगळ्या मूळ फाइल बाईंच्या फोनच्या कार्डात घालून दिल्या. सून सांगायची, शेत निंदायला जाताना फोन कमरेला खोचतात आणि बांधावर बसून त्याच्याशी भांडतात. मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मी जाऊन आले. लेबलनं त्यांचा फोटो काळ्या चौकटीत टाकला, खाली हजारो लोकांनी इंग्रजीत हळहळ व्यक्त केली.

आता शेवटचं, ज्यासाठी हे लिहायला बसले.

या रेकॉर्डच्याही सगळ्या प्रती संपल्या, तेव्हा लेबल ती पुन्हा काढणार हे उघड होतं. या धंद्यात तेच असतं. एकदा विकलेलं पुन्हा विकायला त्यात काहीतरी नवं लागतं. नीरज आता तिथे नाही. त्याच्या जागी जी मुलगी आली आहे, तिनं गेल्या आठवड्यात मला नव्या आवृत्तीची जाहिरात पाठवली. दोन तबकड्या, जाड पुठ्ठ्याचा खोका. वर लिहिलं आहे: मूळ टेपमध्ये दडलेला, आजवर न ऐकलेला दुसरा आवाज, प्रथमच. तो त्यांना सापडला, असं त्यात म्हटलं आहे. मास्टरिंगवाल्यांनी तो काढून वेगळ्या फाइलमध्ये ठेवला होता, ती फाइल सापडली. खाली कलावंतांची नावं: सुगंधाबाई, आणि अज्ञात पुरुष.

मी तिला फोन केला. सांगितलं, तो अज्ञात नाही. तुळशीराम त्यांचं नाव, त्या गायिकेचे यजमान, मंडळीचे प्रॉम्प्टर, आणि हे सगळं मी तुमच्याच ऑफिसला तेव्हाच लिहून दिलं आहे. तिनं फार आदरानं ऐकलं. म्हणाली, किती सुंदर गोष्ट आहे, आम्हाला माहीतच नव्हतं. मग म्हणाली, पण खोके छापून झालेत, मॅम. पुढच्या आवृत्तीत नक्की बघू.

तुम्ही दोघं मोठ्या ऑफिसांत काम करता, म्हणून सांगते. आपण लिहून दिलं की काम झालं, असं मी नोकरीभर समजत आले. लिहिलेलं फाइलला लागतं, एवढंच. ती फाइल कोणी उघडतं ते त्यातलं काही विकायचं ठरल्यावर, आणि तोवर ज्या माणसासाठी लिहिलं ते माणूस राहिलेलं नसतं.

त्या दुकानात पुन्हा गेलात, तर नवा खोका घेऊ नका. मूळ फाइल माझ्याकडे आहेत. पाठवते.