वन पिचर व्हीट

शनिवार, जूनमधला दुसरा. सर्जापूर रोडवरची एक ब्रुअरी, दुपारची वेळ. हजर: नवरा, मी, आणि त्याचे कारखान्यातले दोन जुने मित्र, एक निपाणीचा, एक नागपूरचा. गैरहजर कोणी नाही. सोसायटीच्या सभांचा वृत्तान्त मीच लिहिते, त्यामुळे हाताला हीच सवय.

दिवाळीनंतर नवऱ्याला पक्षाघात झाला. चालणं परत आलं, उजवा हातही बराचसा. बोलणं आलं नाही. त्याला सगळं कळतं, शब्द मात्र ओठांपर्यंत येऊन अडतो. न अडणारे तीनच राहिले होते: 'हो', 'नको' आणि 'सरी'. इथल्या रिक्षावाल्यांशी आणि भाजीवाल्यांशी बोलून जिभेला चिकटलेला तो कन्नड होकार तेवढा कसा शाबूत राहिला, कोण जाणे.

स्पीच थेरपिस्टने विचारलं, "वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने म्हणत आलेत, असं काही आहे का? श्लोक, पाढे?" श्लोक त्याला येत नाहीत. पाढे करून पाहिले, दोनच्या पाढ्यातच अडकला आणि चिडला. मग मला त्यांचे शनिवार आठवले.

महिन्यातून एका शनिवारी हे तिघे बिअर प्यायला जात. ऑर्डर नेहमी माझा नवरा देणार आणि ती इंग्रजीतच देणार. आपसात मराठीत भांडतील, वेटर हुबळीचा निघाला तर कन्नडमध्ये त्याची गल्लीसुद्धा शोधून काढतील, पण मेनू हातात आला की नवरा खाकरायचा आणि म्हणायचा, "व्हॉट्स ऑन टॅप टुडे?" मित्र 'साहेब आले' म्हणून चिडवायचे. आमच्या घरात बिअर कधी आली नाही, त्यामुळे तिला मराठीची गरजच पडली नसावी.

मी पीत नाही, पण कामाला लागले. मित्रांना फोन करून शब्द गोळा केले. ग्लासांचे प्रकार मग आणि पाइंट, सगळ्यांत मिळून मागवायचा जग तो पिचर. लागर हलकी, स्टाउट काळी. व्हीट म्हणजे गव्हाची, जराशी गढूळ, या तिघांची ठरलेली. वरचा फेस म्हणजे हेड. तेच पुन्हा हवं असेल तर वाक्य लागत नाही, 'रिपीट' म्हटलं की झालं. शब्दाला एक कार्ड, पाठीवर चित्र. सकाळी चहानंतर आणि दुपारी झोप झाल्यावर आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसायचो. मी वेटर, तो गिऱ्हाईक. हेब्बाळमधल्या आमच्या मजल्यावर समोर राहणाऱ्या अक्कांनी हे दारातून ऐकलं असावं. लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "आता तरी स्वल्प कमी करायला सांग गं त्यांना." मी खुलासा करत बसले नाही.

एप्रिलमध्ये 'वन' आलं. मेमध्ये 'पिचर', पहिल्या अक्षरावर खूप वेळ थांबून. आणि मग एका सकाळी सलग: "वन पिचर व्हीट." मी उठून उगाचच टेबल पुसलं. तो हसला आणि पुन्हा म्हणाला. मग कॅलेंडरपाशी जाऊन त्याने स्वतःच एका शनिवारावर बोट ठेवलं.

डॉक्टरांनी बिअर बंद केली होती, त्याच्यासाठी बिनअल्कोहोलची बाटली सांगायची होती. पण मित्रांचा पिचर तो मागवणार होता. थेरपिस्ट म्हणाली, "अनोळखी माणसासमोर एकदा जमलं की धीर येतो. हेच महिने कामाचे आहेत, पुढे वेग कमी होतो." मी मित्रांना तारीख कळवली, टेबल सांगून ठेवलं. गाडीत तो सगळा वेळ ओठ हलवत होता.

पोहोचलो तर टेबलावर पिचर भरून ठेवलेला.

"या वहिनी, या!" निपाणीचा उठून उभा राहिला. "ये रे साहेबा. सगळं आधीच सांगून ठेवलोय बघ. तुला बोलायचा ताप नको."

"याची झीरोवाली बाटलीपण आणून ठेवली," नागपूरचा म्हणाला. "काय बे, खूश?"

आमचा सराव त्यांना माहीत होता. म्हणूनच त्यांनी हे केलं होतं. आपल्या मित्रावर चारचौघांत परीक्षेची वेळ येऊ नये म्हणून दोघं अर्धा तास आधी येऊन बसले होते.

नवऱ्याने पिचरकडे पाहिलं. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "सरी."

"दुसरा पिचर हा सांगेल," मी म्हणाले. "कोणी मधे बोलायचं नाही."

पहिला संपला तसा वेटर आला. "रिपीट, सर?"

"थांबा. सर सांगतील."

दोघांनी ग्लास खाली ठेवले, नागपूरच्याने फोन पालथा घातला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, मीसुद्धा. तो खाकरला, अगदी पूर्वीसारखा. "वन," म्हणाला. मग "पि". ओठ पुन्हा मिटले ते मिटलेच. कपाळावर घाम आला. शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या टाळ्या चालल्या होत्या. वेटर पाय बदलत उभा होता.

"पिचर!" निपाणीच्याला राहवलं नाही. "पिचरच ना रे? वन पिचर व्हीट!"

"मी थांबा म्हटलं होतं."

"अहो वहिनी, त्याला त्रास व्हायलाय, दिसत नाही काय तुम्हाला?"

वेटर माझ्याकडे वळला आणि हिंदीत म्हणाला, "मॅडम, सर को और कुछ चाहिए?"

सर समोर बसले होते.

पिचर आला. निपाणीच्याने चष्मा काढून डोळे पुसले, नागपूरचा कँटीनमधल्या जुन्या गमती एकामागून एक सांगत सुटला, दम न घेता. त्या दोघांवर रागावण्याचीही सोय नव्हती. नवऱ्याने बाटली तशीच ठेवली.

त्यानंतर 'वन'ही गेलं. मी कार्डं काढली की तो उठून गॅलरीत जातो. फार मागे लागले तर 'नको' म्हणतो. थेरपिस्ट म्हणते, असं होतं, पेशंट मागे जातात. किती मागे, ते सांगत नाही आणि मी विचारणं सोडलं आहे. जून संपला, जुलैही संपत आला. कामाचे महिने ते हेच.

परवा ती म्हणाली, बिअर राहू द्या. घरात ते रोज जे मागायचे, तुम्हाला जे म्हणायचे, असे वीस शब्द लिहून आणा. सोमवारी द्या.

किराण्याची, औषधांची, पाहुण्यांची यादी मी उभ्या उभ्या करते. या यादीसाठी बसले. 'चहा' लिहिलं आणि खोडलं, तो त्याला कधी मागावा लागला नाही. 'किल्ली', तीही मीच हातात द्यायचे. 'टॉवेल'चंही तेच. मित्रांशी तो काय बोलायचा ते फोन करून विचारता येईल. माझ्याशी काय बोलायचा, हे मी कुणाला विचारू?

उद्या सोमवार. यादी व्हायची आहे.