शालिकरामच्या फटफटीचा चिमटा

बार्शीटाकळीच्या शालिकराम माळ्याला कोणी शहाणपण शिकवलेलं खपत नसे, आणि स्वतःची आरती स्वतःच ओवाळायला तो कधी लाजत नसे. लढाई संपल्यावर लष्करानं विकायला काढलेली एक फटफटी त्यानं अमरावतीहून आणली, तिच्यावर वांग्यांच्या टोपल्या बांधल्या आणि अकोल्याचा बाजार गाठू लागला. गाव बघत राहिलं. पण रस्ता पडला काळ्या मातीचा, बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांचा. वर्षभरात पुढच्या चाकाचा चिमटा खिळखिळा झाला, धक्के झेलणारी स्प्रिंगही तुटली.

गावातल्याच देवीदासचा त्या फटफटीच्या इंजिनावर डोळा होता. त्याला ते विहिरीवर बसवायचं होतं. चावडीवर तो म्हणाला, "हे माळ्याचं काम नोहे, शालिकराम. इंजिन मले देऊन टाक."

शालिकराम पेटला. चारचौघांत बोलून बसला, "चिमटा मी सोता नीट करतो! येत्या बाजाराले घरवालीले मांगं बसवून अकोल्याले नेतो. नाई नेलं, तर इंजिन तुहं!"

अकोल्यात टांग्यांच्या कमानी, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगा, करणारा बशीर होता. त्यानं नवी स्प्रिंग आणि सांध्यांत बसणारे नळीसारखे पितळी बुश करून दिले. शालिकरामनं बैल एका अंगाला बांधून अर्धा गोठा मोकळा केला, फटफटीखाली ओंडका दिला आणि चिमटा सोडवला. झिजलेले बुश ठोकून काढले, नवे बसवले, स्प्रिंगही बदलली. बोटं सोलवटली, पण एकही पिन वाकडी गेली नाही. बढाईखोर असला तरी गड्याच्या हातात कसब होतं, हे कबूल केलंच पाहिजे.

मग आनंदाच्या भरात त्यानं प्रत्येक सांध्यात घाण्याचं ताजं जवसाचं तेल ओतलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून फटफटी चैत्राच्या उन्हात अंगणात उभी करून ठेवली.

बाजाराच्या आदल्या दिवशी त्यानं हँडल दाबून पाहिलं. चिमटा जागचा हलेना. अंगाचा भार टाकला, तरी ढिम्म. शालिकराम मनातून पार घाबरला, पण तोंडानं बशीरचा उद्धार करत त्यानं कानस काढली. "बुश घट्ट कातले त्यानं! घासून मोकळे करतो."

त्याची बायको माणिकबाई दाण्याचं सूप खाली ठेवून आली. सांध्यावर बोट फिरवलं. बोट चिकटलं.

"घासू नका. तेल कोनतं टाकलं?"

"जवसाचं. अस्सल घान्याचं!"

"अवो, कोठीच्या दाराले आपन हेच तेल लावतो, वाळून टनक व्हावं म्हनून! बैलगाडीच्या आखाले एरंडीचं घालता, मंग इच्यावरच काहून जीव ओवाळला?"

शालिकरामच्या हातातली कानस तशीच राहिली. ती चालवली असती, तर बुश कायमचे वाया गेले असते. त्यानं चिमटा पुन्हा उतरवला. माणिकबाईनं चुलीवर धुण्याच्या सोड्याचं पाणी उकळलं. दोघांनी मिळून एकेक पिन आणि बुश खरवडून लख्ख केले आणि एरंडीचं तेल घालून चिमटा परत जोडला. हँडल दाबलं, तशी स्प्रिंग दबली आणि वर आली.

सकाळी डोईवरचा पदर दातांत धरून माणिकबाई मागे बसली. चावडीपाशी मोठा खड्डा होता. शालिकरामनं फटफटी मुद्दाम त्यातून घातली. चाक खाली गेलं, वर आलं, हँडल हललंसुद्धा नाही.

चावडीवर बसलेला देवीदास उठून उभा राहिला. "तूच केलं हे?"

शालिकरामची छाती फुगली. मानेनं मागे खूण करत तो साऱ्या चावडीला ऐकू जाईल असा ओरडला, "मी तं वाटोळं करून ठेवलं होतं! इनं केलं!"

"पुरे आता," माणिकबाई दातांतला पदर सोडून पाठीमागून म्हणाली, "बाजार निघून जाईन." आणि हसली.