मामाची इंजिनरूम

अण्णाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, नवी गाडी घेतल्यापासून त्याला सगळं जग एका रविवारात बघून संपवायचं असतं. यंदा मे महिन्यात त्याने समुद्राचा बेत काढला. सकाळी पाण्यात डुंबायचं, दुपारी मासे खायचे, आणि वाटेत जमलं तर ते जुनं जहाज बघायचं. ‘जमलं तर’ हे शब्द त्याचे. मला ते तेव्हाच टोचले, कारण आई बेळगावजवळच्या आमच्या उचगावहून निघाली होती ती फक्त त्या जहाजासाठी.

आईचा धाकटा भाऊ, आमचा मामा, नौदलात होता. तोफा वगैरे काही त्याच्याकडे नव्हत्या. जहाजाच्या पोटात, इंजिनरूममध्ये, तेलात माखून त्याने आयुष्यातली चांगली वर्षं काढली. रिटायर होऊन आला तेव्हा दोन्ही कान गेलेले होते. स्वतःचंच बोलणं ऐकू येत नसल्यामुळे तो ओरडून बोलायचा, टीव्ही गल्लीभर ऐकू जाईल इतका मोठा लावायचा. मामा राहायला आला की अण्णा कपाळाला हात लावायचा. मीही काही कमी नव्हते. सासरहून, खासबागेतून, माहेरी आले आणि तो दिसला, की हा अजून किती दिवस राहणार, असं आईलाच विचारायचे. तिच्या सख्ख्या भावाबद्दल, तिच्याच घरात.

मामा जाऊन दोन वर्षं झाली. तू तिथं करत होतास तरी काय, असं आईने त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, “आक्का, सांगून कळायचं न्हाय तुला. एकदा दावतो नेऊन.” ते राहूनच गेलं. किनाऱ्यावर एक जुनी युद्धनौका लोकांना बघायला ठेवली आहे आणि तिच्या इंजिनरूमपर्यंत जाता येतं, हे मी फोनवर वाचलं आणि आईला सांगितलं. ते मामाचंच जहाज होतं असं नाही, पण आईला तेवढं पुरे होतं. “मला तिथं एकदा हुबं ऱ्हायाचं हाय,” ती म्हणाली. आयुष्यात तिने आमच्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे मागितलं.

वहिनीचे पाण्यातले फोटो संपेनात, म्हणून आम्ही जहाजाशी पोचलो ते भर बारा वाजता. तिकिटं काढून शिडीजवळ आलो. आईने चपला काढल्या, एका बाजूला नीट जोडून ठेवल्या, वाकून पहिल्या पायरीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

आमच्याकडे खळ्यात कुणी चप्पल घालून जात नाही. मळणी चालू असो नाहीतर नुसतं सारवून ठेवलेलं असो. लहानपणी मी एकदा विसरून तशीच पळत गेले, तर आईने पाठीत असा धपाटा घातला होता की दिवसभर पाठ चुरचुरत होती. मामाने ज्या जागेवर भाकरी मिळवली ते त्याचं खळं. यात न कळण्यासारखं काय आहे? अण्णाही त्याच खळ्यात वाढलाय.

“आई, हे काय देऊळ हाय व्हय? घाल की पायात,” तो म्हणाला.

“माझ्या भावाची भाकरी हितनं आलीया,” एवढंच बोलून ती चढायला लागली.

वरचा डेक सगळा लोखंडी. आईचे पाय रानात राबून घट्ट झालेले, पण ते लोखंड तव्यासारखं तापलं होतं. दोन पावलं भरभर टाकायची, मग पायाच्या कडेवर उभी राहायची, पदर सावरायची, पुन्हा दोन पावलं. मागून एक कुटुंब येत होतं, त्यातली दोघं हसली. एकाने फोन वर केला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. इथे तळपाय आईचे होते आणि मस्तक माझं.

पण तो राग मी काढला कुणावर? त्या फोनवाल्यावर नाही. अण्णावरही नाही. तो तर ही बाई आपली कुणी नव्हेच अशा थाटात पुढे जाऊन तोफेशेजारी उभा होता आणि वहिनी त्याचा फोटो काढत होती. पहाऱ्यावरचा परका माणूस तेवढा पुढे आला. मावशी, पाय भाजतील, हिंदीत म्हणाला, इंजिनरूमचा जिना तो समोर आहे, सावकाश उतरा, खाली सावली आहे. जेमतेम दहा-बारा पावलं उरली होती. दार उघडं होतं. आईने त्या दाराकडे बघितलं आणि तिचा चेहराच बदलला.

आणि मी तिच्यावर खेकसले. “आई, पुरे झालं आता! चप्पल घालून ये, न्हायतर हितनंच माघारी चल. लोक हसायलेत आमाला!”

भाजत होते तिचे पाय, आणि मला पडली होती माझी. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण नको त्या वेळी दुसऱ्याच्या दारात गेल्यासारखी ती ओशाळली. “व्हय बाई,” म्हणाली, “चला.” आणि वळली. तेच तापलेलं लोखंड तुडवत माघारी गेली. मी तिला अडवलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची मला आज किळस येते.

गाडीत आईने पाय वर घेतले तेव्हा तळव्यांचे फोड दिसले. मग मात्र माझं तोंड सुटलं. तुला मासे महत्त्वाचे, तुला फोटो महत्त्वाचे, मामा जिवंत होता तेव्हाही तू असाच होतास, असं घाट चढेपर्यंत मी अण्णाला फैलावर घेतलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग आरशात बघत म्हणाला, “माघारी चल म्हणून कोण वरडलं? मी व्हय?” मेला खरं बोलला. त्यापुढे बेळगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले.

उचगावात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. शेजारच्या काकू वाटच बघत होत्या. “काय गं, बघितलीस भावाची जागा?”

आई कट्ट्यावर बसली, पाय लुगड्याखाली घेतले. “बघितली की,” ती म्हणाली. “जिना लई हुबा हाय बघ. पोरीनं हाताला धरून उतरिवलं मला. ह्ये एवढाली यंत्रं. त्यो जिथं हुबा ऱ्हायाचा न्हवं, तिथंच हुबी ऱ्हायले मी. पोरगा म्हणाला, आई, सावकाश बघ, घाई न्हाय आपल्याला.”

“नशीब काढलंस बाई,” काकू म्हणाल्या. “असली लेकरं सगळ्यांस्नी मिळत न्हाईत.”

अण्णा गाडीतलं सामान काढायला गेला. मी उंबऱ्यात उभी होते. माझी अब्रू झाकायला आई खोटं बोलत होती, आणि मी ते सगळं खोटं उभ्याने ऐकून घेतलं.