राईतलं बाळंतपण

भागाआत्या गेल्याचा निरोप पोलादपूरच्या एस.टी.च्या कंडक्टरने महाडला शाळेत आणून दिला. मी वर्गावर होतो. दारातूनच तो म्हणाला, "मास्तर, तुमची आत्या गेली. सकाळची गाडी सुटताना गावचा माणूस सांगून गेला." मग जाता जाता, "दुर्बीणवाली ना ती?" ... होय, दुर्बीणवाली. महाडपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत ती याच नावाने ओळखली जाई, आणि बहुतेक जण ते नाव हसतच घेत.

दिवाळीत मी तिला भेटलो ते शेवटचं. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. दुर्बिणीची डावी नळी तर पहिल्यापासूनच फुटलेली. आत्या आयुष्यभर डावा डोळा मिटून उजव्यानेच बघत आली होती. आता संपलं, असं मला वाटलं. मी तसं न बोलताही तिला ते कळलं असावं. तिने दुर्बीण घेतली, उलटी केली, म्हणजे खालची बाजू वर, आणि धड नळी डाव्या डोळ्याला लावली. "दुसरा डोळा काय उगाच दिलाय देवानं?" म्हणाली, आणि परसातल्या शेवग्यावरचा हळद्या पक्षी बघत बसली.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन तुडीलला गेली. नवरा पलटणीत होता. लढाई संपल्यावर तो परत आला तो तापाची कुडी घेऊन आणि एका कातडी पिशवीत ही दुर्बीण घेऊन. ती कुठून आणली हे त्याने सांगितलं नाही, आणि सांगण्याइतका तो जगलाही नाही. आत्या माहेरी परतली. सासरहून तिने दुसरं काहीच मागून आणलं नाही. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीतल्या आमच्या वाडीत एका विधवेच्या गळ्यात दुर्बीण... आजही वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या वाचकांना ती गंमत वाटेल. त्या काळी ती गंमत नव्हती. पाणवठ्यावर बायका टोमणे मारत. एकीने विचारलं होतं, "काय दिसलं गो भागाबाय, नळीतून?" आत्या म्हणाली होती, "तुझी सून दिसली. चुलीवर दूध ठेवून उंबऱ्यात निजली हाय. धाव." ती बाई खरोखरच धावली, असं आई सांगायची.

गावकीचे प्रमुख धोंडूतात्या मात्र हसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी वडिलांना बोलावून बजावलं की बाईमाणसाने, त्यातून विधवेने, असं टेहळणीला उभं राहणं गावाला शोभत नाही. ती नळी पेटीत टाका. वडील मान खाली घालून आले. आत्या दुसऱ्या दिवशी तात्यांच्याच बांधावर जाऊन उभी राहिली. तिथल्या पांगाऱ्याला फुलं आली होती आणि मैना, कोतवाल, बुलबुल सगळ्यांची तिथे झुंबड होती. तात्यांनी विचारलं, यातून मिळतं काय? आत्याने उत्तर दिलं, "मजा येते."

हे उत्तर मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. तिच्याविषयी लिहायचं म्हटल्यावर एका स्नेह्यांनी सुचवलं की तिची 'निसर्गसेवा' पुढे आणावी. आत्याने कसलीही सेवा केली नाही. पावशा ओरडला की हातातली भाकरी तव्यावर टाकून ती बाहेर येई, आणि त्या भाकऱ्या आम्ही करपलेल्या खाल्ल्या. श्रावणात दिवेलागणीला ती ओटीच्या चुना लावलेल्या भिंतीशी कंदील ठेवी आणि आम्ही भिंतीसमोर बसून राहू. आधी बारीक चिलटं, मग करडे, पोपटी, लोण्याच्या रंगाचे पतंग. एकदा वीतभर रुंद तांबूस पतंग येऊन टेकला. त्याच्या पंखांच्या टोकांना नागाचं तोंड काढल्यासारखं दिसत होतं. आई घाबरून आत गेली. आत्या त्याच्याजवळ गाल नेऊन बसली आणि मला म्हणाली, राजाच्या शेल्याला असले काठ असतील काय रे? दिवसभर लावणीत वाकलेली बाई होती ती. तिला संध्याकाळी एवढी मजा घ्यायचा हक्क होता, आणि तो तिने कोणाला विचारून घेतला नाही. माझ्या घराण्यात मी पहिला पदवीधर. ज्या वर्षी वडील मला गुरांमागे धाडायला निघाले, त्या वर्षी ह्याच बाईने माझी वळकटी बांधून मला महाडच्या शाळेत नेऊन बसवलं. तेव्हाही वडिलांनी 'उपयोग काय' असंच विचारलं होतं.

आता ऐनाच्या झाडाची गोष्ट. आमच्या देवीच्या राईत एक जुना, सरळसोट ऐन आहे. राईतल्या लाकडाला गावात कोणी हात लावत नाही. देवळाच्या कामाला लागलं, तरच, आणि तेही देवीने कौल दिला तर. देवळाचं आढं वाळवीने खाल्लं होतं. तात्यांनी कौल लावला, देवीने उजवी कळी देऊन होकार दिला, आणि माघात माणसं कुऱ्हाडी घेऊन राईत शिरली. आत्या त्यांच्या आधीच ऐनासमोरच्या खडकावर बसलेली होती. तिने कुणाला अडवलं नाही. फक्त तात्यांना म्हणाली, तोडण्याआधी एकदा नळीतून वर बघा.

वर ऐनाच्या ढोलीत गरुडाची मादी बसलेली होती. पुस्तकात त्याला धनेश म्हणतात हे मला पुढे कॉलेजात कळलं; आमच्याकडे गरुडच. ही मादी अंडी घालायच्या वेळी ढोलीत शिरते, आतून दार लिंपून घेते आणि चोचीपुरती फट ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून तिला उंबर, वडाची फळं भरवतो. तात्या डोळा लावून उभे असतानाच लोहाराच्या भात्यासारखा पंखांचा आवाज करत नर आला आणि फटीतून एकेक फळ आत देऊ लागला. तात्या बराच वेळ बघत राहिले. मग आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बाळंतीण आत हाय. बाळंतिणीच्या खोलीवर घाव घालायची रीत आपल्या गावात कधीपासून पडली?"

कुऱ्हाडी खाली ठेवल्या गेल्या. तात्यांनी निवाडा दिला, बाळंतपण उरकलं की झाड तोडायचं. आत्याने मान्य केलं. तिने ते इतक्या चटकन मान्य केलं, तेव्हाच त्यांना संशय यायला हवा होता. पिल्लं बाहेर पडली आणि पाऊस लागला. पावसात राईतून ओंडका ओढून काढणं अशक्य. पुढे लावणी, मग कापणी, झोडणी. खळी उरकून, कौल लावून माणसं परत राईत जाईपर्यंत पुन्हा माघ उजाडला होता, आणि बाळंतीण पुन्हा आत बसली होती. तेच पुढच्या साली, तेच त्याच्या पुढच्या. आढ्याला दरवर्षी नवा टेकू लागत गेला. देवी टेकूवर आणि पक्षीण माडीवर, असं तात्या चिडून म्हणत. पण दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही.

आत्याला पुढचं दिसत होतं. आपण गेल्यावर माघात खडकावर कोण बसणार? दिवाळीत मी तिला म्हटलं, तात्यांकडून झाडाबद्दल कायमचं वचन घेऊ या. ती उसळली. धाकाने दिलेलं वचन धाक सरला की सरतं, म्हणाली. आणि मग, "माझ्या पिंडाला कावळा शिवला नाय तर माझी इच्छा उरली म्हणून कायबाय कबूल करत बसू नका. कावळ्याला भूक नसंल."

दहाव्याला नदीकाठी नेमकं तेच झालं. पिंड ठेवला आणि कावळाच येईना. ऊन चढलं. वडिलांनी 'पोराचं बघीन' म्हणून सांगितलं, चुलत्याने तिच्या गाईचं सांगितलं. मग कोणीतरी म्हणालं, तात्या, ऐनाचं सांगा. सगळे तात्यांकडे वळले. तात्यांनी हात जोडले... त्यांच्या ओठांवर शब्द आला होता. तो शब्द मिळाला असता तर झाड वाचलं असतं. पण मला पल्याडून कावळ्यांचा कालवा ऐकू येत होता. मी आत्याच्या हाताखाली शिकलेला. तो कालवा भुकेचा नव्हता. पलीकडच्या उंबरावर एक घुबड दिवसाढवळ्या सापडलं होतं आणि गावातले झाडून सगळे कावळे त्याच्याभोवती ओरडत होते. मी ते बोट करून दाखवलं आणि म्हणालो, "तात्या, काही बोलू नका. कावळे कामात आहेत. तिने हे नको म्हणून सांगितलंय."

तात्यांनी हात सोडले. थोड्या वेळाने घुबड उडालं, आणि कावळे येऊन पिंडावर तुटून पडले. घरी आल्यावर वडील म्हणाले, "तोंडाशी आलेला शब्द घालवलास. आता माघात बघ." त्यांचं चूक नव्हतं. पण तिच्या नावाने भीती विकून झाड विकत घ्यावं, हे तिला चाललं नसतं. तिने आयुष्यभर लोकांना एकच गोष्ट मागितली होती. बघा.

परवा माघातल्या एका रविवारी मी गावी गेलो. आत्याच्या खोलीत दाराशेजारच्या खुंटीवर कातडी पिशवी लटकत होती, रिकामी. मी तसाच राईकडे निघालो. वाटेवर ऐनाखाली दोघे गडी बसलेले दिसले. कुऱ्हाडी बाजूला पडलेल्या, आणि ते पानाला चुना लावत होते. खडकावर धोंडूतात्या होते. त्यांनी दुर्बीण धरली होती ती खालची बाजू वर करून, डाव्या डोळ्याला, उजवा डोळा घट्ट मिटून. तात्यांचे दोन्ही डोळे अजून शाबूत आहेत. पण अलीकडे आत्याला त्यांनी तसंच धरताना पाहिलं होतं.

माझी चाहूल लागली तरी ते वळले नाहीत. "बसली आत," म्हणाले. "लिंपण ओलं हाय अजून."

दुर्बीण सुलटी करून द्यायला माझा हात पुढे झाला होता. मी तो मागे घेतला आणि खडकावर त्यांच्या शेजारी जागा करून बसलो.