रिकामी वलांड

नवापूरच्या किनाऱ्यावर रिक्षातून उतरले आणि ओल्या बोंबलांचा वास नाकात शिरला. खरं तर तो वास मला घरी आल्यासारखा वाटायला हवा. पण माझ्या मनाचा काही भरवसाच उरलेला नाही. त्या वासाबरोबर मला आठवला स्लोव्हेनियातला एक डोंगर, तळ्याकाठचं खेडं, आणि तिथे भांबावून उभी असलेली माझी आई.

धाकटा भाऊ त्या चिमुकल्या देशात नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने आम्हा दोघींना हट्टाने बोलावून घेतलं. तळ्यातलं बेट पाहिलं, बेटावरच्या देवळातली घंटा वाजवली, किल्ला चढलो. आई सगळीकडे 'बरं हाय' एवढंच म्हणत होती. जन्मभर बोंबील सुकवलेल्या बाईला आणखी काय सुचणार, असं मला वाटायचं आणि थोडा रागही यायचा. मग एके दुपारी, गाडी हिरव्या कुरणांतून जात असताना, ती एकदम सरसावून बसली.

"दर्या आला गो!"

बाहेर पाहिलं तर शेतात उंच खांब, त्यांना आडव्या काठ्या आणि वर छोटंसं छप्पर. छप्पर सोडलं तर हुबेहूब आमची वलांड, म्हणजे बोंबील सुकवायची बांबूची रांग. आई उतरली, काठीवरून हात फिरवला, तळवा नाकाशी नेला. "वासच नाय," ती म्हणाली. भावाने समजावलं, की यावर पूर्वी गवत सुकवायचे, आता बऱ्याच नुसत्या जपून ठेवल्यात, लोक बघायला येतात. आई गोंधळली. "रिकामी ठेवून काय बगायचं?"

तेवढ्यात बारीक सर येऊन गेली. आईने भिजलेली शाल काढली आणि बिनदिक्कत त्या काठीवर टाकली. पर्यटक फोटो काढू लागले. मी लाजेने अर्धी झाले. शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. आता बोलणी खावी लागणार म्हणून मी माफीचे शब्द जुळवू लागले. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने शालीचं टोक धरलं, वाऱ्याच्या अंगाला वळवलं, आईकडे पाहून मान हलवली आणि आत गेली. परतीच्या वाटेवर आई पहिल्यांदाच खुशीत होती. का, ते मी विचारलं नाही. तेवढं विचारायला हवं होतं.

आई जाऊन आता वर्ष होतंय. तिची वलांड मी तशीच ठेवली होती, कुणाला हात लावू दिला नव्हता. बोईसरच्या फ्लॅटमधून महिन्याला येऊन बघून जायचे. आज शेजारची काकी पाटी घेऊन वाटच बघत होती.

"बाय, बोंबील पुष्कळ आलाय, माजी वलांड भरली. आयची रिकामीच हाय. टाकू का?"

मला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. दुसऱ्याचे बोंबील चढले की आईचं इथे काय उरलं? आणि या उघड्या बांबूंवर तरी वर्षभर तिचं काय होतं? मी इथल्या माणसांसारखी येत होते, की तिथल्या पर्यटकांसारखी? काकी बिचारी डोक्यावरची पाटी सावरत उभी होती. शेवटी मी "टाक" म्हटलं, आणि म्हणताक्षणी पस्तावले.

काकीने जबड्यात जबडा अडकवलेली बोंबलांची पहिली जोडी माझ्याच हातात दिली. मी शिकले, नोकरी केली, पण हे काम आईने मला कधी करू दिलं नाही. मी जोडी आडव्या बांबूवर टाकली. काकी हसली, पुढे झाली आणि तिने ती जरा फिरवली.

"वाऱ्याच्या अंगानं, बाय."

बरोबर केलं की चूक, मला अजून कळलेलं नाही. पाटी रिकामी झाल्यावर काकीने हात धुवायला पाणी दिलं. मी आधी तळवा नाकाशी नेला. वास होता.